वरचे तीन रुपये

माझ्या मावशीचा डावा डोळा गेला, त्याला आता दोन वर्षं होतील. कुणी विचारलं की आमच्या घरात सांगतात, भाताचं कुसळ गेलं डोळ्यात, नशीब तिचं. कुसळ गेलं हे खरंच आहे. नशिबाचं मला माहीत नाही. पण त्या डोळ्यात आमच्या घरच्या काटकसरीचा वाटा आहे आणि त्या काटकसरीत माझ्या रागाचा, एवढं मला पक्कं माहीत आहे. आण्णा हा विषय काढत नाहीत, आई काढू देत नाही. म्हणून मी लिहून ठेवते.

आण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर कालव्यावर पाटकरी होते. धरणातून पाणी सुटलं की कुणाच्या शेताला किती तास, कुणाची पाळी आधी, कुणाची मागून, हे बघायचं काम. रोजंदारीवर लागले आणि रोजंदारीवरच घरी बसले. कालव्याचा एक नियम मात्र त्यांच्या हाडात मुरला. पाणी आधी टेलला. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. वर तोंडाशी ज्याचं शेत आहे त्याच्या दारावरूनच पाणी वाहतं, त्याला कसंही मिळतं. शेवटच्याला चुकलं तर त्याचं उभं पीक वाळतं. म्हणून पाळी शेवटाकडून लावायची. वरची मंडळी कधी खिशात नोट कोंबायला बघायची, अर्धा तास दार जास्त उघडं ठेवा म्हणून. आण्णांनी कधी घेतली नाही. वरचे पैसे घ्यायचे न्हाईत आन् द्यायचे बी न्हाईत, असं ते जेवताना भाकरीचा तुकडा मोडावा इतक्या सहज म्हणायचे.

आता ह्या माणसाच्या घरात चार मोबाइल आले.

एक भावाचा. तो आळेफाट्याला गॅरेजात असतो, तिथंच खोली घेऊन राहतो. एक माझा. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, बायका फोन करून विचारतात झालं का. एक आईचा आणि एक आण्णांचा. पूर्वी बरं होतं, दहा-वीस रुपये टाकले की महिना-महिना चालायचं, आणि आलेल्या फोनला तर काही लागायचंच नाही. मग कंपन्यांनी पॅक काढले. अठ्ठावीस दिवस झाले की फोन मुका. आण्णा म्हणायचे, फेब्रुवारी काय वर्षभर असतो का रे भाऊ? वर्षाला तेरा वेळा भरायचं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, असं मी म्हटलं तर ते हसले होते. तेव्हा आम्ही ह्या गोष्टीवर हसत होतो.

चौघांचे चार पॅक दर अठ्ठावीस दिवसांनी भरायचे तर मशीनचं तेलपाणी आणि किराणा कशातून करायचा? मग आण्णांनी पाळी लावली, अगदी कालव्यासारखी. आधी टेल, म्हणजे भाऊ, कारण तो लांब. मग मी, कारण माझ्यावर गिऱ्हाईक. मग आई. शेवटी आण्णा स्वतः. हातात पैसे येतील तसे एकेकाचे भरायचे. ज्याची पाळी यायची असेल त्याने तोवर कोरडं राहायचं. कोरडा, हाच शब्द होता आमच्या घरात. 'कुणाचा कोरडा हाय?' असं आण्णा विचारायचे आणि आम्ही हात वर करायचो. आईचा आणि त्यांचा आठ-दहा दिवस तरी कोरडा असायचाच.

ह्यात दुसरी अट होती वरच्या पैशांची. गावातला दुकानदार पॅकवर पाच रुपये जास्त घ्यायचा. त्याचंही पोट आहे, मी काही त्याला वाईट म्हणत नाही. पण आण्णांना ते पाच रुपये घशात अडकायचे. ते सायकल काढून नारायणगावला जायचे, कंपनीच्या स्वतःच्या काउंटरवर. तिथं जेवढ्याचा पॅक तेवढेच पैसे. येता-जाता दोन तास मोडायचे, वर एकदा ट्यूब पंक्चर झाली ती वेगळीच. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं आई पुटपुटायची, पण त्यांच्या पाठीमागे.

माझ्या फोनवर पैसे भरायचं ॲप होतं. एकदा मी म्हटलं, उन्हात कशाला जायचं, आणि आईचा पॅक बसल्या जागी भरून टाकला. वर तीन रुपये कापले गेले. आण्णा चष्मा लावून प्रत्येक मेसेज वाचतात. त्यांना ते तीन रुपये दिसले. आत गेले, तीन रुपयांची नाणी आणून माझ्या मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "हे तुजे. माज्या घरात वरचे पैसे कुनी भरायचे न्हाईत."

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. मी इतकी भडकले की ती नाणी तशीच मशीनवर राहू दिली, आठवडाभर त्यांच्याभोवतीनं शिवत होते. मनात म्हटलं, कानाला खडा. पुन्हा ह्या घरात कुणाचा फोन भरणार नाही, मरा तिकडं. हे 'मरा तिकडं' मी नुसतं मनात म्हटलं होतं, तोंडाने नाही. तरी ते मला आठवतं.

आता मावशीचं सांगते. ती आईची थोरली बहीण. डिंभ्याच्या वर, भीमाशंकरच्या वाटेला डोंगरात तिची वाडी, पाच-सहा घरांची. नवरा जाऊन किती वर्षं झाली, मूलबाळ नाही. थोडं भात, थोडी नाचणी, चार कोंबड्या. वाडीत रेंज नाही. वरच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर, एक मोठा धोंडा आहे, त्याच्यावर उभं राहिलं की रेंज येते. तिला लिहा-वाचायला येत नाही. भावाने तिला बटनाचा फोन घेऊन दिला होता आणि एक आकडा लावून दिला होता. एक दाबून धरला की आईला फोन. एवढंच तिला यायचं, आणि तेवढं पुरायचं. बॅटरी टिकावी म्हणून एरवी फोन बंद करून डब्यात ठेवायची. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी धोंड्यावर चढायची, फोन उघडायची आणि एक दाबायची. आमच्याकडून तिला फोन लावून उपयोगच नव्हता, लागायचाच नाही. ती लावील तेव्हाच बोलणं.

त्या दिवशी आई सकाळपासून फोन पदराच्या खोचेत घेऊन फिरायची. दोघी बोलायच्या तरी काय? काय जेवलीस. कोंबडी खुडूक बसली का. कुणाच्या पोरीचं जमलं. पण ते बोलणं झालं की आईचं तोंड उजळायचं, आणि चार दिवस आमच्यावर डाफरायची नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आईचा पॅक संपला. भावाचा नुकताच भरलेला, माझा भरलेला. आईची पाळी होती. आण्णा सायकल घेऊन नारायणगावला गेले तर काउंटरला कुलूप, दिवाळीची सुट्टी. परत आले. दिवाळीनंतर गेले तर सर्व्हर डाऊन, उद्या या. दुसऱ्या दिवशी त्यांना जमलं नाही, कालव्याला पाणी सुटायचं होतं आणि निवृत्त झाले तरी लोक त्यांनाच बोलावतात, पाण्याच्या चारीवर दोन भावांची मारामारी व्हायची वेळ आली होती. मी म्हटलं, गावातल्या दुकानातून तरी भरा, पाच रुपयांनी काय होतंय. ते म्हणाले, घाई काय हाय. आलेला फोन तर येतोय. आलेल्या फोनाला कुठं पैसं लागतात?

आईपण तेच म्हणाली. आलेल्या फोनाला पैसे लागत नाहीत, हे दोघांच्या डोक्यात पूर्वीपासून पक्कं बसलेलं. मला माहीत होतं की तसं राहिलेलं नाही. पॅक संपला की आधी जाणारा फोन बंद होतो आणि थोड्या दिवसांनी येणाराही. माझ्या एका गिऱ्हाइकाचं तसंच झालं होतं. मी एकदा सांगितलं. आण्णा म्हणाले, हां हां, बघू. एकदाच सांगितलं मी. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. किंवा न सांगता भरायला हवं होतं. माझा फोन माझ्या हाताशी, मशीनच्या फळीवर पडलेला असायचा. दोन मिनिटांचं काम, वर तीन रुपये.

मी भरलं नाही. मला आठवत नव्हतं असंही नाही. रोज आठवायचं, आणि रोज ती तीन नाणीपण आठवायची. म्हटलं, बसा आता सायकल हाणत, कळू दे एकदाचं. मला त्यांना धडा शिकवायचा होता. कुणाच्या जिवावर शिकवतेय, हे मला कुठं माहीत होतं?

एक बाजार गेला. आई फोन पदरात घेऊन बसली, फोन वाजला नाही. म्हणाली, भातकापणी चाललीय, आक्काला वेळ नसंल. दुसरा बाजार गेला. म्हणाली, दिवाळीची थकली असंल. तिसऱ्याला रात्री ताटात भाकरी तशीच ठेवून उठली. आमच्या ओट्यावरून खोडदच्या त्या मोठाल्या अँटेना दिसतात, दिवसभर आभाळाकडे तोंड करून. कुठल्या कुठल्या ताऱ्यांचं ऐकू येतं म्हणे त्यांना. आणि आम्हाला डिंभ्याच्या वरच्या एका बाईचं ऐकू आलं नाही.

बातमी फोनवर आलीच नाही. मावशीच्या वाडीतला एक जण भाजी घेऊन नारायणगावच्या मार्केटला आला होता, तो पत्ता विचारत घरी आला. दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेईना. म्हणाला, म्हातारीला घोडेगावच्या दवाखान्यात नेली होती, तिथून पुण्याला पाठवलीय, डोळ्याचं लई झालंय. आम्ही कापणीत होतो, ती बोललीच न्हाई कुणाला. विचारलं तर बहिणीला सांगते म्हणायची, रोज धोंड्यावर चढायची.

आण्णांनी कनवटीचा फोन काढून पाहिला, मग आईचा हातात घेतला, उलटा-सुलटा केला. मी मशीनवरून उठले, माझ्या फोनवरून आईच्या नंबरला लावून पाहिलं. सेवा बंद आहे, असं ती बाई तीन भाषांत सांगत राहिली. आईचा फोन आण्णांच्या हातात होता आणि तो गप्प होता. मी स्पीकरवर टाकलं, सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर मी उभ्या उभ्या आईचा पॅक भरला. वर तीन रुपये गेले. वरातीमागून घोडं.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आई आणि मी गेलो. कापणी करताना कुसळ डोळ्यात गेलं होतं. तिने चोळलं, मध घातला, फडकं बांधलं. मग डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं, मग पू. डॉक्टरीणबाई आमच्यावर चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, आधी आणायला हवं होतं, आठ-दहा दिवस तरी. मी मनात मोजलं. आठ-दहा दिवस आधी म्हणजे तिने पहिला फोन लावल्याला आठवडा होऊन गेला होता. डोळा काढावा लागला.

नंतर आम्ही तिला घरीच आणलं. पट्टी निघाली, मग काळा चष्मा आला. मावशी आमच्याकडे पहिल्यांदाच इतके दिवस राहत होती. सगळ्यांना हसून बोलायची. तिने एकदाही विचारलं नाही की फोन का लागत नव्हता. आम्हीपण काढलं नाही. घरात सगळे पायाचा आवाज न करता चालायचो. मला वाटायचं, तिने एकदा तोंडभर शिव्या द्याव्यात, माझ्याकडे बोट दाखवावं, संपवून टाकावं. तिला तर काही माहीतच नव्हतं.

एके दुपारी आण्णा ओट्यावर सायकलची चेन घासत बसले होते. मी दारात बटनं लावत होते. मावशी आली, पिशवीतून आपला फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. फोनला रबर लावलेलं होतं, रबराखाली दुकानाच्या तीन चिठ्ठ्या घडी करून ठेवलेल्या. ओशाळून हसत म्हणाली, "पावणं, एवढं बगा जरा. ह्यो बिगडलाय वाटतं. तीन डाव पैसं भरलं तरी लागना झाला व्हता."

आण्णांनी तेलाचे हात फडक्याला पुसले. चिठ्ठ्या घेतल्या. चष्मा लावून एकेक वाचली. मग हळूहळू विचारून काढलं सगळं. ती धोंड्यावर चढून एक दाबायची, तर कुणीतरी बाई बोलायची, बंद आहे असं काहीतरी. तिला वाटलं, आपलाच पॅक संपला. फोन बंद पडतो तो ज्याच्या हातात आहे त्याचाच, असं तिला वाटणार, दुसरं काय वाटणार? बाजाराला उतरली, दुकानात फोन दिला, म्हणाली भर. त्याने भरला, वर दहा घेतले. पुन्हा धोंड्यावर. पुन्हा तीच बाई. तिला वाटलं कमी पडले असतील. पुढच्या बाजारी पुन्हा भरला, मोठा पॅक. मग एक डोळा फडक्याने बांधून, दुसऱ्या डोळ्याने वाट बघत तिसऱ्यांदा उतरली. पैसे कुठले, असं आण्णांनी विचारलं. चार कोंबड्यांतल्या दोन तलंगा इकल्या, म्हणाली. घोडेगावच्या दवाखान्यात जायला यष्टीचं भाडं म्हणून ठेवले होते तेही त्यातच गेले. पण एकदा फोन लागला की पावणं येतीलच घ्यायला, मग भाडं कशाला, असा तिने विचार केला होता.

मी सुई बोटात टोचून घेतली, मुद्दाम नाही. आतून आई केव्हा येऊन उभी राहिली होती, कळलं नाही.

आण्णा फोनकडे बघत बसले. आमचे पाच वाचले, तीन वाचले. तिचे दर खेपेला वरचे दहा गेले, तीन पॅकचे गेले, कोंबड्या गेल्या, आणि डोळा. कालव्यावर एवढी वर्षं काढलेला माणूस, त्याला हिशेब सांगावा लागत नाही.

"फोन चांगला हाय, आक्का," ते म्हणाले. "तुमचा चालूच व्हता. आमचा कोरडा व्हता."

मावशीने काळा चष्मा सारखा केला. तिच्या मनावरचं ओझं उतरलं, अगदी स्वच्छ दिसलं मला.

"चांगला हाय ना? मग बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं माजंच काय तरी चुकलं."

आई मटकन उंबऱ्यावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मावशीला कळेना की हिला काय झालं. तीच आईच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, अगं रडती कशाला, चांगला हाय म्हनत्यात ना फोन. आण्णा उठून परसात गेले. मी मागून गेले. मला सांगायचं होतं की मला माहीत होतं, येणारा फोनपण बंद होतो हे मला माहीत होतं, आणि मी रागापायी भरला नाही. सांगितलं. तोंड वेडंवाकडं झालं, पण सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. चुलाण्याजवळच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "उभ्या जन्मात टेल सोडून पाणी दिलं न्हाई म्या. आन् घरातली टेल कुठवर जाती, तेच बगितलं न्हाई."

मावशी पुढे वाडीवर परत गेली. राहा म्हटलं तर म्हणाली, कोंबड्यांना कोण बघील? दोनच राहिल्या होत्या. तिच्या फोनमध्ये तीन पॅक एकावर एक भरलेले, पार उन्हाळ्यापर्यंत चालू राहणार होता. पण धोंड्यावर आता तिला एकटीला चढवत नाही, एका डोळ्याने खाच-खळगा कळत नाही. शेजारचं कुणी मोकळं असलं तर हात धरून नेतं. कधी फोन येतो, कधी येत नाही.

आमच्याकडची पाळी मोडली. आता पहिला आईचा पॅक, संपायच्या दोन दिवस आधीच. तो मी माझ्या फोनवरून भरते. आण्णा समोर बसलेले असतात. पैसे भरले की मेसेज येतो, मी फोन त्यांच्यापुढे धरते, मुद्दामच, वरचे तीन रुपये दिसतील असा. ते चष्म्याला हात लावत नाहीत. भरला का, एवढंच विचारतात. मी म्हणते, भरला. मला वाटतं, त्यांनी एकदा तरी विचारावं की वर किती गेले. दोन वर्षं होत आली, अजून विचारलेलं नाही.